संपकाळातील घर : 'अधांतर' नाटकाचे समाजवाचन

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतनवाढीइतकाच प्रतिनिधित्वाचा प्रश्नही त्यामागे होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. हा इतिहास बहुधा नेते आणि संघटना यांच्या अंगाने लिहिला जातो. जयंत पवार यांचे 1997 मध्ये रंगभूमीवर आलेले 'अधांतर' हे नाटक त्याच संपाकडे घरातून पाहते. प्रस्तुत लेखात या दृष्टिबदलाचा विचार केला आहे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांचा लढा थेट कामगारवस्तीत मांडला. तेथे कामगार समूह म्हणून बोलतो. 'अधांतर'मध्ये मोर्चा बाहेरच राहतो. रंगमंचावर असते ती चाळीतील एक खोली आणि तिच्यातील आई व तिची मुले. बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन क्रिकेटच्या नादात असतो, नरू गुंडगिरीकडे वळतो. गिरणी बंद पडल्यावर कुटुंबातील मानाची उतरंडच मोडते. कमावणारा कोण आणि बसून खाणारा कोण, हा हिशेब प्रत्येक वाक्यात डोकावतो. त्यात खोली एवढीशी, त्यामुळे भांडण करून निघून जायला दुसरी खोली नाही. नरूच्या वाटेचे समर्थन नाटक करत नाही. परंतु त्याला केवळ खलनायकही ठरवत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

एका खोलीचे वास्तववादी नेपथ्य हा जुना साचा आहे, असा आक्षेप घेता येईल. येथे मात्र ती खोलीच आशय आहे. महेश मांजरेकर यांच्या 'लालबाग परळ' (2010) या नाटकाधारित चित्रपटात गिरण्या, रस्ते, टोळ्या सारे दिसते. पण कोंडी सैल होते.

गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातील अनेक कुटुंबे डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरकडे सरकली. उल्हासनगरमध्ये तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी बराकींत पडदे लावून संसार थाटले होते. म्हणूनच या पट्ट्यातील वर्गात 'अधांतर' शिकवताना चर्चा नायक कोण यावर फारशी रेंगाळत नाही. मुले आधी खोलीविषयी विचारतात : ती भाड्याची होती, की पागडीची?