फुकटच्या कॉम्प्युटरचं बिल

(लेखमाला : घरबसल्या विज्ञान, भाग 3)

रिकामा बसलेला कॉम्प्युटर ‘बॉइंक’ या सॉफ्टवेअरमार्फत संशोधकांच्या कामाला कसा जुंपता येतो, ते मागच्या भागात आलं. ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ हा प्रकल्प 2005 पासून गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या नोंदी अशा घरगुती यंत्रांकडून चाळून घेतो. त्याच लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहते आहे, त्यामुळे मराठी घरांतही या कामाबद्दल कुतूहल आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात विजेला.

पनवेल तालुक्यातल्या आपट्याचंच उदाहरण घेऊ. गावाजवळून वाहणाऱ्या पाताळगंगेत खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राचं पाणी उतरतं. 1915 साली सुरू झालेल्या या केंद्राने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आपट्यातल्या घराचं बिल मात्र महावितरणचं, आणि ते टप्प्याटप्प्याने चढत जाणारं.

समजा, घराचा महिन्याचा वापर 150 युनिट आहे. माळ्यावरचे तीन जुने डेस्कटॉप काढून कामाला लावले आणि प्रत्येकी 100 वॅट धरले, तर चोवीस तास चालून महिन्याला 216 युनिट होतात. इथे बहुतेकजण गेल्या महिन्याच्या बिलाला युनिटांनी भागतात, दर काढतात आणि 216 ने गुणतात. फसगत होते ती इथेच.

2024-25 च्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29 आणि 301 ते 500 ला 14.55 रुपये वीज आकार होता. शिवाय प्रत्येक युनिटमागे 1.17 रुपये वहन आकार, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्वस्तातले पहिले शंभर युनिट पंखे, फ्रिज आणि टीव्हीनेच खाल्लेले असतात. कॉम्प्युटरांच्या वाट्याला वरचे, महागडे टप्पे येतात. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार बाजूला ठेवले, तर सरासरी दराने हा खर्च जेमतेम 1,940 रुपये दिसतो. बिलात भर पडते जवळपास 3,200 रुपयांची.

म्हणून हिशेब उलटीकडून मांडावा. आधी महिन्याला किती रुपये सोडायचे ते ठरवावं. हजार रुपये ठरले, तर याच 2024-25 च्या दरांनी दुसऱ्या टप्प्यात शुल्कासह 13.29 रुपये दराने 75 युनिट मिळतात. म्हणजे 100 वॅटचं एकच यंत्र, चोवीस तास. तीन नव्हे.

मग ते एक कोणतं, हे महत्त्वाचं. 2007 च्या सुमाराचा ‘कोअर टू क्वाड क्यू6600’ हा प्रोसेसर मूळ रूपात 105 वॅटचा होता. 2023 चा आठ कोअरचा ‘रायझन 7 7700’ 65 वॅटचा आहे आणि कितीतरी पट काम उरकतो. जुनं यंत्र फुकट मिळालं म्हणून चालवत राहणं हा सगळ्यात महाग पर्याय ठरतो.

छापील वॅटवर फार विसंबू नये, कारण पॉवर सप्लाय, डिस्क आणि पंखे यांचा वापर त्यात धरलेला नसतो. मीटरवरचा लाल दिवा जास्त खरं सांगतो. मीटरवर एका युनिटला 3200 स्पंद असं छापलेलं असेल, तर 300 वॅटला तो मिनिटाला 16 वेळा लुकलुकतो. रात्री बाकी सगळं बंद करून मोजलं की झालं.

मे महिना वेगळा मांडावा लागतो. एसीमुळे घराचाच वापर 320 युनिटांवर गेला, तर त्याच दरांनी 100 वॅटचं तेच यंत्र, जे जानेवारीत 957 रुपयांत चालत होतं, ते 1,313 रुपये घेतं. वर त्याने सोडलेली उष्णता एसीलाच उपसावी लागते, तो खर्च निराळा. छतावर सौर पॅनेल असेल तर गणित बदलतं: एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट, म्हणजे अशा एका यंत्राची सोय होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या किलोवॅटला 30,000 रुपये अनुदान आहे. कोकणातल्या पावसात उत्पादन पडतं, नेट मीटरिंगमुळे ती तूट बरीचशी भरून निघते.

पॅनेल नसलेल्यांनी मे महिन्यात यंत्र सरळ बंद ठेवावं. मात्र एकदम बटण दाबू नये. बॉइंकच्या प्रत्येक कामाला मुदत असते; एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नवीन काम घेणं थांबवावं, हातातली कामं पुरी होऊन परत जाऊ द्यावीत आणि मग प्लग काढावा.