माऊस की ट्रॅकपॅड : आंबीच्या टेबलांवरची पंचवीस वर्षं

डेस्कटॉप घ्यायचा ठरला की प्रोसेसर कुठला, रॅम किती, मॉनिटर किती इंची, याची चौकशी माणूस चार दुकानांत करतो. दिवसभर ज्या वस्तूवर हात राहणार ती मात्र दुकानदार शेवटी पिशवीत टाकतो आणि आपण मुकाट्याने घेतो. आंबी-तळेगाव पट्ट्यातल्या संगणकांकडे गेल्या पंचवीस वर्षांच्या अंतरावरून पाहताना मला ही गोष्ट सारखी खटकते. माऊस घ्यायचा की ट्रॅकपॅड, हे कधी किमतीने ठरवलं, कधी टेबलाने, कधी अभ्यासक्रमाने, अलीकडे लॅपटॉपच्या सवयीने. हाताला विचारून ठरवलेलं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

तळेगाव दाभाडेच्या शेजारचं आंबी हे मुळात भाताचं गाव. आज तिथे डी. वाय. पाटील यांचं शैक्षणिक संकुल आहे, लगत तळेगावची एमआयडीसी आहे, आणि या दोन्हींच्या आधाराने वाढलेली झेरॉक्सची दुकानं, खानावळी, मुलांच्या खोल्या आहेत. संगणकावर करायच्या कामांचे जितके प्रकार असतील तितके बहुतेक या लहानशा टापूत सापडतात. म्हणून हा मागोवा इथून घ्यावासा वाटला.

सुरुवात करायची ती २००१ पासून. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरीला संगणकाचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि मावळातल्या बाजारपेठांत क्लासच्या पाट्या लागल्या. त्या वर्गांत माऊस धरणं हाच पहिला धडा असे. खडूची सवय असलेले गुरुजी, हिशेबाच्या वह्या लिहिणारे कारकून, दहावी झालेल्या मुली एका रांगेत बसत. माऊस टेबलाच्या कडेला पोचला आणि बाण अजून पडद्याच्या मध्यावरच असला की पुष्कळजण थांबून सरांकडे बघत. माऊस उचलून पुन्हा अलीकडे ठेवायचा असतो, हे कुणीतरी दाखवल्याशिवाय कळत नाही. डबल-क्लिक तर त्याहून अवघड. पहिल्या क्लिकला हात हलायचा, दुसरी क्लिक भलतीकडेच पडायची. यावर उपाय म्हणून सॉलिटेअर खेळायला देत. पत्ता धरायचा, ओढायचा, नेमका दुसऱ्या पत्त्यावर सोडायचा. त्या खेळाने महाराष्ट्रातल्या कितीतरी हातांना वळण लावलं आहे आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तेव्हाचे माऊस गोळीचे. मावळातली उन्हाळ्याची धूळ, वर्गातला खडू, हाताचा घाम, सगळं त्या रबरी गोळीला चिकटून आतल्या दोन रुळांवर जाऊन बसे. बाण एका दिशेला जायचा, दुसऱ्या दिशेला अडायचा. मग खालची चकती फिरवून गोळी बाहेर काढायची, रुळावरचा मळ नखाने खरवडायचा, फुंकर मारून गोळी परत आत. शाळांच्या लॅबमध्ये या गोळ्या चोरीलाही जात, कारण खेळायला त्या छान वजनदार असत.

माऊस ही वस्तू मूळची १९६४ सालची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी लाकडी खोक्याला दोन चाकं बसवून पहिला नमुना केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर आला. पुढचा एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची मोजून तुलना केली. माऊस नुसता पुढे राहिला नाही. त्याचा वेग माणसाच्या हाताच्या स्वतःच्या मर्यादेच्या जवळ जाऊन पोचतो, असं त्यांना आढळलं. हात मोकळा हवेत जितक्या लवकर एखाद्या जागेकडे नेता येईल, जवळजवळ तितक्याच लवकर तो माऊसवरून बाण नेतो. दाखवण्यासाठी याहून फार वेगवान साधन शोधायला जागाच उरली नाही. इतकी वर्षं लोटली तरी माऊस टेबलावरून हटत नाही, त्याचं मूळ कारण मला इथे दिसतं.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रकाशावर चालणारा, खास पॅडची गरज नसलेला माऊस बाजारात आणला. त्याच्या पोटातला लहानसा कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं टिपतो आणि दोन चित्रांतला फरक मोजून हात किती सरकला ते ठरवतो. आपल्याकडे तो स्वस्त व्हायला आणखी काही वर्षं गेली. गोळीची कटकट संपली, पण आपल्या दुकानांची आणि कचेऱ्यांची एक अडचण समोर आली. टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो, व्हिजिटिंग कार्डं, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. गुळगुळीत काचेवर टिपण्यासारखी खूणच मिळत नाही, त्यामुळे बाण जागीच थरथरत राहतो. म्हणून काचेवर वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर ठेवायची पद्धत पडली. ती आजही कित्येक कचेऱ्यांत दिसेल.

माऊसवरची खरी पकड मात्र कारखान्यांनी घट्ट केली. २००८ मध्ये तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. चाकणचा वाहन उद्योगही जवळच होता. सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपना ड्रॉइंग वाचणारी आणि काढणारी मुलं हवी होती, आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत ऑटोकॅड, कॅटिया यांना मान आला. ही सॉफ्टवेअरं तीन बटणांच्या माऊसवर बेतलेली आहेत. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवलं की ड्रॉइंग जवळ-लांब होतं, चाक दाबून धरलं की सरकतं, चाकावर दोनदा टिचकी मारली की सगळं ड्रॉइंग पडद्यात मावतं. कॅटियात मधलं बटण धरून त्याच्या जोडीला दुसरं दाबायचं आणि अख्खा भाग हातात घेतल्यासारखा फिरवायचा. मधल्या बोटाला हे एकदा जमलं की डोकं फक्त भागाचा विचार करतं. लॅपटॉपच्या टचपॅडवर हेच काम करू बघणाऱ्या मुलाला दोन-दोन कळा दाबून धरत, बोट पुनःपुन्हा उचलत चालावं लागतं. या कामात माऊसला पर्याय नाही, असं मी कुणालाही ठामपणे सांगेन.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांचं वेगळंच. त्यांची बोटं कीबोर्डवरून हलत नाहीत आणि त्यांना हा सगळा वाद परका वाटेल.

टचपॅड आपल्या भागात आला तो लॅपटॉपमधून. जगात तो रूढ होऊ लागला १९९४ च्या सुमारास, ॲपलच्या पॉवरबुक ५०० सारख्या लॅपटॉपमुळे. मांडीवर माऊस फिरवायला जागा नसते, त्या अडचणीतून निघालेला तो मार्ग. आंबीसारख्या ठिकाणी लॅपटॉप आधी विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आले आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत शिरले. त्याबरोबर इथल्या हवेच्या आणि घरांच्या तक्रारीही आल्या.

टचपॅड बोटाच्या स्पर्शाने बदलणारी विद्युतधारिता मोजतो, म्हणून बोट कसं आहे यावर त्याचं सगळं गणित. घाटमाथ्याच्या पावसात लोणावळा चार हजार मिलिमीटरच्याही वर भिजतं. आंबीकडे जोर उतरतो, तरी आषाढ-श्रावणात हवा दमटच असते. ओलसर बोटाने बाण उड्या मारतो. उलट भातलावणी, खुरपणी करून राठ आणि भेगाळलेल्या बोटांची जाड कोरडी कातडी त्याला धड जाणवतच नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर ज्यांचा अंगठा चारदा लावूनही उमटत नाही, त्याच हातांना टचपॅडही दाद देत नाही. माऊसला मात्र ओला, सुका, राठ, नाजूक, सगळे हात सारखेच. आपल्या भागासाठी मला ही मोठी गोष्ट वाटते.

दुसरी अडचण अर्थिंगची. घराच्या वायरिंगला नीट अर्थिंग नसेल तर चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट ठेवताच झिणझिण्या येतात आणि त्याच वेळी बाण बेभान होतो. चार्जर काढला की शहाण्यासारखा चालतो. बऱ्याच जणांनी यापायी लॅपटॉप दुरुस्तीला नेला असेल. दोष भिंतीतल्या तारेचा असू शकतो, हे लक्षात येत नाही. टेबलावर ठेवायचा वायरविना, बॅटरीवरचा ट्रॅकपॅड या फेऱ्यातून बराचसा सुटतो.

आणि तो टेबलावरचा ट्रॅकपॅड आला कुठून, हे फारसं सांगितलं जात नाही. त्याची कुळकथा लॅपटॉपच्या टचपॅडपेक्षा निराळी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात संशोधन करणाऱ्या वेन वेस्टरमन यांचे हात टायपिंगने दुखावले होते. कमीत कमी दाब लागेल, अनेक बोटं एकदम ओळखेल असा पृष्ठभाग करायच्या मागे ते लागले. जॉन एलियास यांच्याबरोबर त्यांनी १९९८ मध्ये फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. डेस्कटॉपला जोडायची त्यांची पॅडं दुखऱ्या हातांच्या लोकांना आधार वाटली. २००५ मध्ये ॲपलने कंपनी घेतली, दोन वर्षांनी आयफोन आला आणि २०१० मध्ये डेस्कटॉपसाठी मॅजिक ट्रॅकपॅड. म्हणजे मांडीवरचा पॅड जागेच्या टंचाईतून जन्मला आणि टेबलावरचा दुखण्यातून. म्हणून डेस्कटॉपला ट्रॅकपॅड जोडणं ही निव्वळ हौस आहे, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

नेम धरण्यात तो मागे पडतो, हे मात्र मान्य करावं लागेल. २००१ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत, वेग आणि अचूकता एकत्र धरणाऱ्या मापाने, माऊसला सेकंदाला ४.९ बिट आणि टचपॅडला २.९ बिट मिळाले. तो टचपॅड एका बोटाचा, जुना होता. आजचे पॅड मोठे आणि पुष्कळ गुळगुळीत आहेत, पण छोट्या चौकटीवर नेमकी टिचकी मारताना आणि काहीतरी धरून लांबवर ओढताना फरक अजून कळतो. लांबलचक कागदपत्रं वाचताना, नकाशा मागे-पुढे करताना, एका खिडकीतून दुसरीत जाताना दोन-तीन बोटांचा पॅड इतका सुखाचा आहे की चाकावर एकच बोट घासत बसणं नकोसं वाटतं. विंडोजवाल्यांचे हाल अधिक. त्यांच्यासाठी डेस्कटॉपचे चांगले सुटे पॅड फार थोडे निघाले. लॉजिटेकचा टी६५० २०१२ मध्ये आला आणि पुढे बंद झाला. ॲपलच्या पॅडची किंमत ऐकून ग्रामपंचायतीचा ऑपरेटर तो विकत घेईल अशी अपेक्षाच करू नये.

त्या ऑपरेटरच्या खांद्याची मला खरी काळजी वाटते. दाखले, उतारे, अर्ज यांची सगळी भरती त्याच्या टेबलावर. आकड्यांसाठी रुंद कीबोर्ड लागतो, आणि त्या आकड्यांच्या कळा माऊसला वीतभर उजवीकडे ढकलतात. दिवसभर उजवा हात शरीरापासून बाहेर ताणलेला राहतो. संध्याकाळी दुखतं ते बहुतेक वेळा मनगट नसून खांद्याचा मागचा भाग असतो, आणि दोष खुर्चीला दिला जातो. आकड्यांचं काम नसेल त्याने सरळ आखूड कीबोर्ड घ्यावा, माऊस आपोआप जवळ येतो. आकडे टाळता येत नसतील त्याने माऊस डाव्या हाताला शिकवावा. पहिले काही दिवस जीव मेटाकुटीला येतो, मग बसतं.

ज्याला परवडेल त्याने डेस्कटॉपसाठी दोन्ही ठेवावेत, असं माझं मत पुष्कळ हात बघून बनलं आहे. माऊस उजवीकडे, ट्रॅकपॅड डावीकडे. नेम धरायचं, ओढायचं, ड्रॉइंगचं काम उजव्याने. वाचणं, सरकवणं, मोठं-लहान करणं डाव्याने. एकच हालचाल एकाच हाताला हजार वेळा करायला लावू नये. एकच घ्यायचा असेल तर आपल्या हवेत, आपल्या वायरिंगवर, आपल्या खिशाला साधा चाकाचा माऊस. मनगट किंवा बोट आधीच दुखरं असेल तर मात्र पैसे साठवून ट्रॅकपॅड घ्यावा आणि टिचकी जोरात दाबण्याऐवजी हलक्या स्पर्शाची सेटिंग चालू करावी.

शेवटी एक गोष्ट बारावीच्या मुलांसाठी. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. जेईई मेनमध्ये, आणि पुढे अभियांत्रिकीनंतरच्या गेटमध्ये, तर आकडी उत्तरसुद्धा पडद्यावरच्या कळांवर माऊसने टिचक्या मारून भरावं लागतं. आजची पुष्कळ मुलं मोबाइलवर वाढली, मग लॅपटॉपच्या टचपॅडवर आली, आणि माऊस त्यांच्या हाती पहिल्यांदा धड येतो तो परीक्षेच्या हॉलमध्ये, घड्याळ उलटं मोजत असताना. घरात लॅपटॉपच असेल तर परीक्षेआधीचा महिनाभर त्याला वायरचा माऊस जोडावा आणि सराव चाचण्या त्यावरच सोडवाव्यात. काहीशे रुपयांत होणारं काम आहे.