इंजिन बदललेली गाडी 'स्लो'ला बंद का पडते?



या पानावर एरवी मी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. आपल्यापैकी काहींच्या दारात इंजिन बदललेली जुनी गाडी असेल, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

माझ्या जिप्सीचे कार्बोरेटरचे इंजिन थकले म्हणून मी एमपीएफआय इंजिन बसवून घेतले. सकाळी गार असताना गाडी झकास चाले. तापली की काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बंद! गळिताच्या दिवसांत प्लॉट पाहायला जाताना ओढ्याच्या उतारावर ती अशीच बंद पडली. पुढे उसाने भरलेली बैलगाडी. ब्रेकला इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत असते. इंजिन बंद पडल्यावर ती एक-दोन दाबांतच संपते. पेडल दगडासारखे झाले. दोन्ही पायांनी दाबले, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे गाडी थांबली. मधे अंतर राहिले हातभर.

गॅरेजमध्ये आधी थ्रॉटलचा सेन्सर बदलला, मग तापमानाचा. पैसे गेले, दुखणे तसेच.

शेवटी एका वयस्कर वायरमनने मल्टीमीटर लावला. तापमानाच्या सेन्सरचा रोध २० अंशाला साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास असतो. तापल्या इंजिनवर सेन्सरपाशी तीनशेच भरले. पण ईसीयूचा प्लग काढून तारेच्या त्या टोकाला मोजले, तर आकडा हजारांत! तारेला नुसता पीळ मारून टेप गुंडाळली होती, सांधा गंजला होता. इंजिन तापले तरी ईसीयूला ते गारच वाटे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडी. तार पुरती तुटलेली नव्हती, म्हणून चेक इंजिनचा दिवाही लागला नाही. सांधा झाळून घेतला आणि गाडी सुधारली.

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मुळाशी पाणी साचलंय का ते बघतो. इथेही तसेच. सेन्सर विकत घेण्याआधी या क्रमाने पाहा :

१) इंजिन ते चॅसी आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का?
२) व्हॅक्यूमचे रबरी पाइप, विशेषतः ब्रेकचा, चिरलेत का? मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जाते का? स्लो वरखाली होत असेल, तर संशय इथे घ्यावा.
३) ॲक्सिलरेटरची केबल ताठ राहून थ्रॉटल अर्धवट उघडा तर नाही ना?
४) स्लोच्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली आहे का?
५) प्रत्येक तार दोन्ही टोकांना मोजावी. प्लग काढताना चावी बंद ठेवावी.

आणखी एक. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकावर करून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये ती आवश्यक आहे.

स्लोला बंद पडणारी गाडी उतारावर घालू नका. माझ्या नशिबी हातभर अंतर होते. प्रत्येक वेळी ते मिळेलच असे नाही.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी