हातोडी नको, दाब द्या!

सायकलच्या फ्रेमच्या तळाशी एक आडवी नळी असते. पायडलचे दोन्ही क्रँक ज्या दांड्याला जोडलेले असतात, तो दांडा या नळीत फिरतो. आपल्या नेहमीच्या सायकलीत नळीला आतून आटे असतात. त्यांत कप पिळून बसवतात व छर्रे भरतात. काही नव्या, हलक्या सायकलींत मात्र आटे नसतात. बेअरिंग नुसते दाबून बसवतात. मग ते निसटत कसे नाही?

बैलगाडीचे चाक आठवा. लोहार लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. जाळात तापवली की ती प्रसरण पावते. चाकावर चढवून पाणी ओतले की आकसून चाकाला घट्ट आवळते. येथेही तेच तत्त्व आहे. बेअरिंगचा व्यास ४२ मिलिमीटर असेल, तर नळीचे भोक त्याहून काही शतांश मिलिमीटर लहान असते. बेअरिंग आत शिरताना नळी किंचित ताणली जाते आणि स्थितिस्थापकतेमुळे त्याला आवळून धरते.

भिवंडीजवळच्या शेलार गावी एका विद्यार्थ्याची अशी सायकल दुरुस्त करताना मी स्वतःच चुकलो. बेअरिंग हातोडीने ठोकले. ते बसले, पण आठवड्यातच खरखर सुरू झाली. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातील जॉबरकाकांनी ते बोटावर फिरवून पाहिले. म्हणाले, "सर, तुम्ही आतल्या कड्यावर ठोकलंत. मार छर्र्यांनी खाल्ला!"

अगदी खरे. छर्रा कड्याला जवळजवळ एका बिंदूतच टेकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ इतके लहान, म्हणून दाब प्रचंड. त्याने कड्यात खळगे पडतात. शिवाय ठोकताना बेअरिंग तिरपे शिरले, तर नळी आतून खरवडली जाते आणि फ्रेमच निकामी होऊ शकते.

दुसऱ्या खेपेस आम्ही लांब बोल्ट, नट आणि फक्त बाहेरच्या कड्यावर टेकतील अशा दोन जाड चकत्या घेतल्या. बोल्टचे आटे १.७५ मिलिमीटर अंतराचे, पाना २० सेंटिमीटर लांब. पान्याच्या एका फेऱ्यात हात सुमारे १२५६ मिलिमीटर फिरतो, तर नट १.७५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे यांत्रिक लाभ सुमारे ७००! घर्षणात त्यातला बराच भाग जातो, तरी उरलेला पुरतो.

उष्णतेचीही मदत घेतली. ॲल्युमिनियमची नळी गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ३० अंशांनी तापवली. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक दर अंशास ०.००००२३, म्हणून ४२ × ०.००००२३ × ३० = ०.०२९ मिलिमीटर. भोक तेवढे मोठे झाले. नळी पुसून कोरडी केली, नट आवळला आणि बेअरिंग एकही ठोका न देता सरळ बसले.

आता तुम्ही सांगा: नळी पोलादाची असती, तर भोक किती वाढले असते? पोलादाचा प्रसरणांक ०.००००१२ घ्या. आणि घरी लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण घट्ट बसले, तर काय कराल?