दुरुस्तीनंतरही गाडी तापते, मिसिंग मारते : दोष कसा शोधावा?

गाडी चार दिवस गॅरेजात राहिली, बिल चुकते झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात तीच तक्रार पुन्हा सुरू झाली, असा अनुभव आपल्या व्यापारी बांधवांना केव्हा ना केव्हा येतोच. बेकरीचा माल पोचवणारा असो, बाजाराच्या गावी कापडाचे गठ्ठे नेणारा असो की मंडपाचे सामान वाहणारा असो, गाडी बंद म्हणजे त्याचा धंदा बंद. मग माणूस चिडतो, मिस्त्रीशी चार शब्द बोलतो आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात नेऊन लावतो. दुसरा मिस्त्री पहिल्याला नावे ठेवतो, इंजिन नव्याने खोलतो आणि खर्च दुप्पट होऊनही मूळ दोष कित्येकदा जागेवरच राहतो. इंजिन दुसऱ्यांदा खोलण्यापूर्वी एक दिवस निव्वळ तपासणीला द्यावा, असे आमचे मत आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टींना पाना लावावा लागत नाही.

पहिला प्रश्न असा की, आता जी तक्रार आहे ती जुनीच आहे की नवी? जुनीच असेल तर जो भाग बदलला तो दोषी नसावा, किंवा तो दुसऱ्याच कशाचा तरी बळी असावा. तक्रार नवी असेल, म्हणजे गाडी गॅरेजात जाण्यापूर्वी ती नव्हतीच, तर खोल-बांध करताना काहीतरी सुटले, उलटे लागले किंवा ढिले राहिले असा संशय आधी घ्यावा. पाइप, वायर आणि नट जिथे जिथे हाताळले गेले तिथून तपासाला सुरुवात करावी. यासाठी काय काय खोलले होते हे पहिल्या मिस्त्रीलाच विचारावे लागते. भांडण करून निघून आलेल्या मालकाला ही माहिती मिळत नाही, आणि हाच त्याचा खरा तोटा असतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. १९८४ साली आलेली आणि २०१९ साली बंद झालेली मारुती ओम्नी आपल्या छोट्या व्यापाऱ्यांत आजही पुष्कळ दिसते. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे तिचे इंजिन आपल्या कारागिरांना तोंडपाठ आहे. समजा, एका बेकरीवाल्याची ओम्नी तापली, हेड गॅस्केट उडाले. गॅस्केट बदलून गाडी परत आली. आठ दिवस बरी चालली आणि पुन्हा काटा वर जाऊ लागला. मालक म्हणतो, गॅस्केट नकली घातले. तेही असू शकेल. पण गॅस्केट आपोआप क्वचितच उडते, बहुधा इंजिन तापते म्हणून ते उडते. इंजिन आधी कशामुळे तापले हे शोधले गेले नसेल, तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाणार.

म्हणून गाडी केव्हा तापते हे नीट पाहावे. सिग्नलला, बाजाराच्या गर्दीत उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. मोटर जळालेली असेल, फ्यूज गेलेला असेल, रिले अडकत असेल किंवा पंखा चालू करणारा स्विच बिघडला असेल. याउलट गर्दीत ठीक, पण घाट चढताना किंवा माल भरून वेगात जाताना तापते, तर रेडिएटर आतून गाळाने भरला आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा इंजिनाचे टायमिंग चुकले आहे, अशा दिशेने जावे. वर्षानुवर्षे बोअरिंगचे खारे पाणी ओतलेल्या गाडीत रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचे थर बसतात. अशा रेडिएटरवर बाहेरून कितीही पाणी मारले तरी गुण येत नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र कोणी पाहत नाही. हे झाकण म्हणजे साधे बूच नव्हे, तो दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते तेवढा बार दाब धरते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाटलीत उसळते. अवघ्या काही रुपयांची ही वस्तू बदलायची सोडून हजारोंचे हेड खोललेले आम्ही पाहिले आहे.

दुसरी खोड थर्मोस्टॅटची. गाडी तापते म्हटले की आपले काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडून रेडिएटरकडे पाणी सोडणे हे त्याचे काम. तो काढला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि अॅव्हरेज पडते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरते आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. आपल्या गाडीतून थर्मोस्टॅट काढला आहे का, हे स्पष्ट विचारावे.

पाणी काढून इंजिन बांधले की आत हवा अडकते, हे तिसरे कारण. पाणी भरून झाकण लावले आणि गाडी दिली, असे झाले तर हेडमध्ये हवेचा फुगा राहतो. त्या जागी धातू तापतो, काटा उगाच वरखाली होतो, हीटर असलेल्या गाडीत हीटर थंड वारा देतो. हवा काढण्याचा नट असेल तर तो ढिला करून, नसेल तर गाडीचे तोंड उंचावर घेऊन, इंजिन थंड असतानाच झाकण उघडून ते चालू करावे आणि पाणी बसेल तसतसे भरत जावे.

आता गॅस्केटच पुन्हा गेले आहे का, याची घरगुती परीक्षा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना वरचा रबरी पाइप दाबून पाहावा. रात्रभर उभी राहूनही तो टणक लागला तर सिलिंडरातला वायू पाण्यात घुसत आहे असा दाट संशय घ्यावा. मग झाकण काढून इंजिन सुरू करावे. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉकची चीर यांपैकी काहीतरी आहेच. ऑइल दुधी चहासारखे झाले असेल तर गाडी अजिबात चालवू नये, बेअरिंग खराब होतील.

हेड पुन्हा खोलावेच लागले तर दोन गोष्टी मालकाने समोर उभे राहून कराव्यात. एक, हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून फिलर गेज घालून पाहणे. छोट्या अॅल्युमिनियम हेडला बहुधा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त वाक चालत नाही. जास्त असेल तर लेथवर फेसिंग केल्याशिवाय नवे गॅस्केट टिकायचे नाही. दुसरी गोष्ट, हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, दोन-तीन टप्प्यांत कसणे. "माझ्या हाताला अंदाज आहे" असे म्हणणाऱ्या उस्तादांचा आम्ही आदर करतो, पण अॅल्युमिनियमचे हेड अंदाज ओळखत नाही. काही गाड्यांचे बोल्ट एकदा ताणले की बदलावेच लागतात, तेही विचारून घ्यावे.

मिसिंगची तक्रार असेल तर तपास वेगळा. गाडीला सीएनजी किट असेल तर परीक्षा सोपी आहे. फक्त सीएनजीवर मिसिंग होते आणि पेट्रोलवर नाही, तर आधी प्लग, कॉइल आणि प्लगच्या वायरी पाहाव्यात, कारण सीएनजीला पेटायला ठिणगी अधिक जोरकस लागते. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा जुन्या गाडीत कार्ब्युरेटर. दोन्हींवर सारखीच होत असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा गेल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचा आकडा एकदम कमी असेल तर त्यांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट फुटले आहे असे बहुतेक वेळा निघते. सीएनजीवर लाख-लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटा झिजतात, तिकडेही लक्ष असू द्यावे.

हेड काढून बसवल्यावर मिसिंग नव्यानेच सुरू झाली असेल तर टायमिंग बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला आहे का, व्हॅक्यूमचा एखादा पाइप लावायचा राहिला आहे का, प्लगच्या वायरींचा क्रम चुकला आहे का, एवढे आधी पाहावे. तीन सिलिंडरच्या ओम्नीचा फायरिंगचा क्रम १-३-२ असा आहे, १-२-३ नाही. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग. मात्र प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह हे कोड सांगत नाही. कोड पाहून थेट सुटा भाग विकणाऱ्यापासून सावध राहावे.

आता पैशाचे. आपल्यात तोंडी व्यवहाराची रीत जुनी आहे, मिस्त्री मोहल्ल्यातलाच असतो, जुम्म्याला भेट होते, म्हणून कागद मागायचा संकोच वाटतो. पण कागद दोघांच्याही भल्याचा असतो. काय तक्रार होती, काय बदलले, किती दिवसांची हमी, एवढ्या चार ओळी बिलावर लिहून घ्याव्यात आणि बदललेला जुना भाग परत मागावा. मालाचा ऐब लपवू नये हा व्यापाराचा दंडक आपण पाळतो, तो कामालाही लागू आहे. हेड वाकलेले दिसले पण फेसिंगचा खर्च गिऱ्हाइकाला परवडणार नाही म्हणून मिस्त्री गप्प राहिला, तर त्याने मेहेरबानी केली नाही. आणि मालकानेही "स्वस्तात उरक" असे सांगून मग हमी मागू नये.

वाद मिटलाच नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. एक अडचण व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळलेली आहे. मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल तर तक्रार करता येते. स्वतः गाडी चालवून पाव पोचवणारा यात बसू शकतो, दहा गाड्या ठेवणाऱ्याला अवघड जाईल. दुसऱ्या बाजूने, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार काम पुरे केलेला कारागीर मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवू शकतो, हेही माहीत असावे.

आणि तपास पुरा होईपर्यंत गाडी चालवावीच लागली आणि वाटेत काटा लाल रेषेला भिडला, तर "गॅरेज जवळच आहे" म्हणून पुढे जाऊ नये. एसी असल्यास बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला चीर जाते. पाइप हाताला कोमट लागेल इतके निवल्यावरच, झाकणावर फडके टाकून ते हळूहळू फिरवावे.