अल्पाकाचा दादा आपल्या धुऱ्यावर!

रविवार उजाडला, पोट्टे घरात बोअर झाले, मोबाइलचा डेटाही संपला. आता न्यायचं कुठं यांना?

माहीत आहे का, इंग्लंडमधल्या फॅमिलीज अशा वेळी काय करतात? तिकीट काढून फार्मवर जातात. तिथं प्रत्येकाच्या हातात एकेका गुबगुबीत जनावराची म्होरकी दिली जाते आणि आजी-आजोबांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळं लटांबर गाइडच्या मागोमाग शेतातून फिरून येतं. या आउटिंगचं नाव अल्पाका वॉक!

तुम्ही म्हणाल, दर्यापुरात अल्पाका कुठून आणू बाप्पा? आणूच नका. त्याचा थोरला भाऊ दर हिवाळ्यात वऱ्हाडातल्या शेतांतून ढांगा टाकत जातो. ना तिकीट, ना व्हिसा.

कोण? अहो, उंट!

नातं एकदम पक्कं आहे. उंट, अल्पाका, लामा, व्हिकुन्या, ग्वानाको ही सगळी एकाच कुळातली मंडळी. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, पायाला दोन बोटं, तळव्याला मऊ गादी. फॅमिली फोटो काढला तर ओळखायला आधार कार्ड लागणार नाही.

आणि हा पहिला धक्का घ्या. उंट मूळचा कुठला, माहीत आहे का? राजस्थानचा? अरबस्तानचा? दोन्ही चूक. उंट अमेरिकन आहे! त्याचे पूर्वज चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उगम पावले. पुढे एक शाखा बेरिंगच्या भूपट्ट्यावरून आशियात आली आणि उंट झाली. दुसरी दक्षिण अमेरिकेत उतरली, तिच्यातून लामा-अल्पाका आले. उत्तर अमेरिकेत राहिलेले मात्र सुमारे १०-११ हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. गाव सोडलेले तगले!

इतक्या वर्षांची ताटातूट, तरी रक्त ओळख विसरलं नाही. १९९८ च्या जानेवारीत दुबईत शास्त्रज्ञांनी उंट नर आणि लामा मादी यांचं कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला घातलं. जातीचं नाव ‘कामा’. आणि त्या पहिल्या पिल्लाचं नाव काय ठेवलं असेल? रामा!

आता थोडं धाकट्याबद्दल. अल्पाका म्हणजे अँडीज पर्वतातलं पाळीव जनावर. रानटी व्हिकुन्याला माणसाळवून सुमारे ६,००० वर्षांपूर्वी माणसानं तो घडवला. त्याच्यात दोन स्टाइल मिळतात. वाकायाची लोकर फुललेली, टेडी बेअरसारखी. सुरीची लोकर लांब बटांची. रंग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधल्या सगळ्या तपकिरी-करड्या छटांसकट, आणि सगळे नैसर्गिक. जगातले सगळ्यात जास्त अल्पाका पेरूमध्ये आहेत. तिथं १ ऑगस्टला चक्क राष्ट्रीय अल्पाका दिवस साजरा होतो. व्हिकुन्या तर पेरूच्या राष्ट्रचिन्हावर जाऊन बसला आहे.

अल्पाका बोलतो का? बोलत नाही, गुणगुणतो. खुशीत, काळजीत, कंटाळ्यात, कायम ‘हम्म्म’. कळपात म्हणूनच ‘हम’ करे सो कायदा!

त्याच्यावर बसता येतं का? अजिबात नाही. वजन साधारण ५० ते ८० किलो, म्हणजे तुमच्या-आमच्याइतकंच. म्हणून तर ‘राइड’ नाही, ‘वॉक’. एकट्याला मात्र कधी नेत नाहीत. सोबती दिसला नाही की गडी कासावीस होतो, म्हणून वॉक नेहमी जोडीनं किंवा टोळीनं. डोक्यावर हात फिरवलेला त्याला खपत नाही, मान चालते. चिडला तर थू! पण ही थुंकी बहुतेक वेळा एकमेकांसाठी असते, भांडण खाण्यावरून किंवा हद्दीवरून.

आणि ही गोष्ट तर आपल्या मुलखाला फार आवडेल. अल्पाकांचा अख्खा कळप शेणासाठी एकच जागा ठरवतो आणि सगळे तिथंच जातात. बाकी कुरण स्वच्छ! १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेल्या, दापुरीला मामाकडे गुरं राखत वाढलेल्या आणि पुढे हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांनी या जनावराची पाठ नक्की थोपटली असती.

एक रेकॉर्ड ऐकून ठेवा. ब्रिटनमधल्या कॅस्पा नावाच्या लामानं २०१५ मध्ये १.१३ मीटर उंच उडी मारली आणि थेट गिनेस बुकात जाऊन पडला!

चला, पेरू झालं, ब्रिटन झालं. आता गाडी वळवा अकोला-अमरावती पट्ट्याकडे, कारण खरी मजा इथं आहे.

कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उभी आहे, हरभरा निघत आला आहे. अशा दिवसांत रस्त्याच्या कडेला पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, मोठं पागोटं बांधलेला माणूस आणि त्याच्यामागे शेकडो मेंढ्या पाहिल्या आहेत ना? हे कच्छचे रबारी पशुपालक. आपल्याकडे बरेच जण त्यांना सरसकट काठेवाडी म्हणतात. मूळ मुलूख शेकडो किलोमीटर लांब, पण कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात फिरतात. त्यांच्या डेऱ्याचा ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर सगळं एकच. उंट!

जवळून पाहा एकदा, डोळे फाटतील. उंटाच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट. खाटेच्या पायांच्या मधोमध गोधड्या, भांडी, पाण्याचे डबे. त्यावर एखादं तान्हं पोर ऐटीत बसलेलं. आणि बाजूच्या झोळीतून कालपरवा जन्मलेली कोकरं माना काढून रस्ता बघताहेत! चालू न शकणाऱ्यांना उंटावर सीट, बाकी सगळे पायी. पुरुष मेंढ्यांमागे जातात आणि डेरा आवरणं, उंटांवर लादणं, पुढच्या मुक्कामी नेऊन परत उभा करणं, हे सगळं बायका करतात. या लॉजिस्टिक्सला माझा कडक सलाम.

उंटावरून शेळ्या हाकू नका, असं आपण म्हणतो. इथं उंट आहे, शेळ्याही आहेत, पण हाकणारा दिवसभर स्वतःच्या पायांवर!

माहीत आहे का, या पाहुण्यांची शेतकरी वाट बघतात? मेंढ्या शेतात बसवणं हा आपला जुना व्यवहार. रात्री कळप वावरात बसतो, सकाळपर्यंत लेंडीखत आणि मूत थेट जमिनीत. फवारणी नाही, वाहतूक नाही, होम डिलिव्हरी! बदल्यात शेतकरी धान्य देतो नाहीतर पैसे.

उंट चालताना त्याच्या पायांकडे लक्ष द्या. एका बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही पाय तो जवळजवळ एकाच वेळी उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणून तर तो होडीसारखा डुलतो. पोट्ट्यांना तसं चालून दाखवायला सांगा, अर्धा तास हसण्याची सोय होईल.

वशिंडात पाणी असतं? नाही! वशिंडात चरबी. पाण्याची कमाल रक्तात आहे. उंटाच्या तांबड्या पेशी गोल नसतात, लंबगोल असतात. रक्त घट्ट झालं तरी त्या वाहत राहतात आणि एकदम ढसाढसा पाणी आत आलं तरी फुटत नाहीत. तहानलेला उंट १०-१५ मिनिटांत १०० लिटर पाणी रिचवतो. तुमच्या गल्लीत टँकर आला की आठवा.

त्याच रक्तात आणखी एक खजिना निघाला. बेल्जियमच्या संशोधकांना उंटाच्या रक्तात नेहमीपेक्षा साध्या, सुटसुटीत अँटिबॉडी सापडल्या आणि १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये तो शोध छापून आला. लामा-अल्पाकांतही त्या असतात. त्यांच्या इवल्या तुकड्यांना म्हणतात नॅनोबॉडी. रक्तात गुठळ्या करणाऱ्या एका दुर्मीळ आजारावरचं कॅप्लासिझुमॅब हे त्यातून घडलेलं औषध २०१८ मध्ये युरोपात मंजूर झालं. जनावर एवढं मोठं, देणगी एवढीशी, आणि जीव वाचवणारी!

मेनू काय याचा? बाभूळ. तीही काट्यांसकट! तोंडाच्या आत कडक गाठींचं अस्तर असतं, म्हणून काटा बोचत नाही. एका झाडाचे दोन-चार घास, की पुढच्या झाडाकडे. म्हणूनच त्याला बांधून ठेवून कडबा टाकणं म्हणजे त्याची शिक्षा. अशी वेळ आलीही. २०२२ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छहून येणारे ५८ उंट ताब्यात घेतले आणि अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत त्यांचा मुक्काम पडला. हे उंट विदर्भातल्या आमच्या नातलगांच्या डेऱ्यांसाठी आणलेत, असं रबाऱ्यांचं म्हणणं होतं. त्या निमित्तानं देशभरातल्या वाचकांना कळलं की वऱ्हाडातही उंट असतात!

आता खास दर्यापूरकरांसाठी. आपला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा म्हणजे विहिरीचं पाणी जिभेला लागलं की तोंड वाकडं. उंटाला मात्र मीठ प्रिय, इतर जनावरांपेक्षा त्याला ते कितीतरी जास्त लागतं. कच्छमध्ये तर खाराई नावाची उंटाची स्वतंत्र जात आहे. ती समुद्रात पोहत जाते आणि खारफुटीची पानं खाते! पोहणारा उंट! २०१५ मध्ये या जातीला वेगळी ओळख मिळाली.

उंटिणीचं दूध? अमूलनं २०१९ मध्ये ते बाजारात आणलं. त्यात गाईच्या दुधापेक्षा क जीवनसत्त्व जास्त असतं. पण दह्याचा बेत करू नका, ते घट्ट विरजतच नाही.

आता एक काळजाला लागणारा आकडा. २०१२ मध्ये देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ च्या पशुगणनेत उरले अडीच लाख. सात वर्षांत ३७ टक्के घट! राजस्थाननं २०१४ मध्ये त्याला राज्यप्राणी केलं, संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटकुळाच्या नावानं साजरं केलं, तरीही चरायला जागा आणि पाळायला पुढची पिढी मिळेनाशी झाली आहे. म्हणून म्हणतो, पोरांना हे आत्ताच दाखवा.

आणि समजा डेरा सापडलाच नाही? टेन्शन नाही. आपली पूर्णाथडी म्हैस पाहिली का नीट? म्हैस म्हणजे काळीकुट्ट, हा नियम हिनं मोडला. पांढुरका, फिकट बदामी रंग! लोक तिला भुरी म्हणतात. पूर्णेच्या काठावरची ही खास वऱ्हाडी जात आता देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत आहे. परदेशात असती तर तिच्यासोबत सेल्फीसाठी रांग लागली असती. त्यापुढे जायचं असेल तर मेळघाटातलं कोलकास आहे, तिथले वनखात्याचे हत्ती प्रसिद्ध आहेत. गाविलगडाचं नाव तर गवळ्यांवरूनच पडलं, असं सांगतात. जनावरं राखणाऱ्यांचा मुलूख आहे हा!

तर प्लॅन असा. थंडीचे दिवस पकडा. डब्यात भाकर, ठेचा, झुणका. लासूरच्या आनंदेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाहून घ्या आणि ऊन कलल्यावर शिवारात चौकशी करा, मेंढ्या कुठं बसल्यात. संध्याकाळची वेळ साधायची, कारण तेव्हा शो हाउसफुल्ल असतो. दिवसभर डेऱ्यावर राहिलेली कोकरं आणि चरून परतलेल्या मेंढ्या समोरासमोर येतात, एकच कालवा उठतो आणि त्या गदारोळात प्रत्येक कोकरू आवाजावरून, वासावरून बरोब्बर आपलीच आई शोधतं. एकही ॲप नाही!

अल्पाका वॉकचे नियम इथंही चालवा. आधी रामराम, मग परवानगी, मग जवळ जाणं. डेऱ्याची राखण करणारे कुत्रे खेळायला ठेवलेले नसतात. उंटीण आणि तिच्या पिल्लाच्या मध्ये घुसायचं नाही. कुरकुरे खाऊ घालायचे नाहीत. बायकांचे, लेकरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मेंढपाळांचा वेळ घेतलात तर चहाचं सामान सोबत न्या, गप्पा रंगतील आणि गूगलवर नसलेले फॅक्ट्स ऐकायला मिळतील.

आणि कळप रस्त्यात आडवा आला तर हॉर्नवरचा हात काढा, इंजिन बंद करा, पोट्ट्यांना खाली उतरवा आणि मेंढ्या मोजायला लावा!