जुना स्पोर्ट्स कॅमेरा घेताय? वय वर्षांत नव्हे, क्लिकमध्ये मोजा!

कबड्डीत चढाईपटूची पकड होते तो क्षण डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. तो टिपायला मेगापिक्सेलपेक्षा वेगवान ऑटोफोकस आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम महत्त्वाच्या. म्हणूनच कमी बजेटमध्ये २०१४चा कॅनन ७डी मार्क टू किंवा २०१६चा निकॉन डी५०० आजही विचारात घ्यावा असा आहे. दोन्ही सेकंदाला १० फ्रेम काढतात.

मात्र हाच वेग सेकंडहँड खरेदीत नडतो. सामन्यात बटण सगळं मिळून एक मिनिट दाबलं, तरी ६०० क्लिक होतात. सामन्यामागे दोन हजार धरले, तर १०० सामन्यांत २ लाख! या दोन्ही मॉडेलच्या शटरची कंपनीने केलेली चाचणी तेवढ्याच क्लिकपर्यंतची आहे. त्यापुढे शटर लगेच बंद पडतं असं नाही, पण भाव करताना हा आकडा हाताशी हवाच.

त्यामुळे ‘फारसा वापरलेलाच नाही’ यावर विसंबू नका. डी५००ने आजच काढलेला मूळ जेपीजी फोटो मागवा. क्लिकची संख्या त्या फाइलमध्येच नोंदलेली असते. ७डी मार्क टूसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

कॅमेरा हातात आल्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीवर फोकस टिकतो का, ते बघा. रॉ फाइलमध्ये सलग फोटो काढताना ७डी मार्क टू साधारण ३१ फ्रेमनंतर, म्हणजे तीनेक सेकंदांत मंदावतो. डी५०० वेगवान एक्सक्यूडी कार्डावर २०० फ्रेमपर्यंत जातो. ते कार्ड महाग असतं, तोही खर्च धरा.

आणि सगळे पैसे बॉडीवर घालवू नका. रात्रीच्या सामन्यांसाठी एफ/२.८ची लेन्स लागणारच आहे.